एक हात काचेला, एक हात सोन्याला

मित्रांनो, या विश्वात जे जे उभं आहे, ते केवळ धरून ठेवणाऱ्यांच्या जिवावर उभं आहे. डोंगर मातीला धरतो, माती मुळांना धरते, मुळं झाडाला धरतात. धरून ठेवणारा कधी पुढे येत नाही, पण त्यानं हात सोडला की काय होतं हे दरड कोसळल्यावर सगळ्यांना कळतं. या थोर कुळातला मी एक. काच मला पाहून थांबते. सोनं माझ्या शब्दाबाहेर जात नाही.

माझी उंची सात नॅनोमीटर आहे.

तुमचं नख दर सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढतं. म्हणजे वरचा परिच्छेद वाचता वाचता ते माझ्या डोक्यावरून पुढे गेलंसुद्धा. हळू वाचणाऱ्यांनी नखं कापून घ्यायला हरकत नाही.

मी एक जुना रेणू आहे. माझ्या जातीला पेप्टाइड म्हणतात. जुना म्हणजे तीन वर्षांचा. आमच्यात एवढं वय झालं की कुपीवर छापलेली मुदत उलटते आणि लोक आपल्याकडे बघताना मान किंचित तिरकी करतात. मी चोवीस अमिनो आम्लांची माळ आहे. ही आम्लं तुमच्या डाळीत असतात, माशात असतात, तुमच्या केसांत असतात. आज दुपारी तुम्ही माझे पुष्कळ नातेवाईक खाल्लेत. मी मनावर घेत नाही.

माझ्या माळेतल्या पहिल्या बारा मण्यांना काच आवडते. म्हणजे खरं तर सिलिका. काच, वाळू, गारगोटी यांत जी असते ती. शेवटच्या बारांना सोनं आवडतं. थोडक्यात मला दोन हात आहेत, एक काचेसाठी आणि एक सोन्यासाठी. माणसं धरायला मला हात दिलेला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या एका उणिवेची आहे.

आमच्या घराण्याची निवड कशी झाली ते सांगतो. एका परदेशी प्रयोगशाळेत सोन्याच्या पत्र्यावर कोट्यवधी निरनिराळे पेप्टाइड ओतले. मग पत्रा धुतला. जे वाहून गेले ते गेले. उरलेल्यांना आणखी जोरात धुतलं. असं पाच वेळा. तरीही जे हलले नाहीत, त्यांची नावं लिहून घेतली. तेच आमचे पूर्वज. बुद्धी, रूप, वक्तृत्व यांतलं काही कुणी विचारलं नाही. न हलणं ही एकच पात्रता. नोकरीत कायम होण्याची रीतही काही ठिकाणी अशीच असते असं मी नंतर ऐकलं.

माझा स्वतःचा जन्म हैदराबादेतला, एका यंत्रात. ते यंत्र एकेक आम्ल घेऊन मागच्याला जोडत जातं. आई नाही, बारसं नाही. चोविसावा मणी लागला, कुणीतरी वजन केलं, पांढऱ्या भुकटीच्या रूपानं मला कुपीत भरलं आणि खोक्यावर पत्ता लिहिला : रत्नागिरी.

कुपीत आम्ही किती होतो म्हणाल, तर पृथ्वीवर माणसं आहेत त्याच्या कितीतरी पट. पण मित्रांनो, सगळे तंतोतंत एकसारखे. मला जे सुचे ते त्याच क्षणी सगळ्यांना सुचे. एखादा विनोद सांगावा तर तो आधीच सगळ्यांचा सांगून झालेला. कुणी कुणाला काय विचारणार? त्या गर्दीत मला जितकं एकटं वाटलं, तितकं पुढे एकटा असतानाही वाटलं नाही. म्हणूनच मी 'आम्ही' म्हणत नाही. 'मी' म्हणतो. कुणाचा आक्षेप येणार नाही.

रत्नागिरीच्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात, तळमजल्यावर, मला डीप फ्रीजरमध्ये ठेवलं. शेजारी वनस्पतिशास्त्रवाल्यांनी ठेवलेलं कसलंसं शेवाळ होतं. ते ठेवणारे निवृत्त होऊन गेले होते आणि विचारल्याशिवाय टाकायचं कसं म्हणून ते तिथेच होतं. मी त्याच्याशी बोलायचा प्रयत्न केला. उणे वीस अंशांत शेवाळाला फारसं बोलणं सुचत नाही.

दार उघडे तेव्हा उजेड येई. उजेडाबरोबर योगिनी येई.

योगिनी ही विभागातली संशोधक विद्यार्थिनी. खाडीकाठच्या गावातली, रत्नागिरीहून एसटीनं पाऊण तासावरची. तिची आई मथुराकाकू ओहोटीला खाडीच्या चिखलात उतरून तिसऱ्या काढते. तिसऱ्या म्हणजे शिंपल्यांतला तो मऊ जीव, ज्याचं सुकं खाताना रत्नागिरीतला माणूस कुणाशी बोलत नाही. या तिसऱ्यांवर योगिनी शिकली. आणि चार वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं, खाडीत पारा आहे.

कोण म्हणालं, हे कुणालाच ठाऊक नाही. पारा पाहिला कुणीच नाही. पण बाजारात गिऱ्हाईक वाट्यासमोर वाकायचं, हात पुढे करायचं आणि विचारायचं, "कुठल्या खाडीच्या?" खाडीचं नाव ऐकलं की हात मागे. मथुराकाकूंची टोपली सकाळी भरलेली जायची आणि दुपारी जवळजवळ तितकीच भरलेली परत यायची.

आता पाण्यात पारा आहे का हे मोठ्या प्रयोगशाळा सांगू शकतात. पण नमुना मुंबईला पाठवा, पत्र लिहा, वाट पाहा. तोवर खाडीला दोनशे वेळा भरती येऊन जाते. योगिनीला हवी होती एक पट्टी. काचेची, बोटाएवढी. तिच्यावर सोन्याच्या कणांची इतकी बारीक रेघ की एरवी डोळ्यांना दिसूच नये. पाऱ्याचा सोन्यावर फार जीव. पाण्यात पारा असला तर तो येऊन सोन्यात मिसळतो, आणि त्या रेघेतून जाणारी वीज बदलते. पट्टी खाडीत बुडवायची, मीटरला जोडायची, झालं. आईला स्वतःला करता यावं इतकं सोपं.

फक्त ती रेघ काढणार कोण? एवढा बारीक ब्रश कुठल्या दुकानात मिळत नाही. तिथे मी. काचेवर मेणासारखा लेप दिलेला असे आणि त्यात एक सूक्ष्म रेघ मोकळी सोडलेली. मी एका हातानं त्या मोकळ्या काचेला धरायचं, दुसरा हात वर करून उभं राहायचं. मग सोन्याच्या कणांचं पाणी ओतायचं. कण आपोआप माझ्या हाती लागतात. ओळीनं उभा राहिलेला मी, आणि माझ्या डोक्यावर ओळीनं सोनं. कागदावर हे इतकं देखणं दिसे की योगिनीच्या मार्गदर्शक नाचणकर सरांनी सुरुवातीच्या चर्चासत्रात मला 'हुशार रेणू' म्हटलं. टाळ्या पडल्या. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती एकमेव स्तुती. मी बर्फाच्या डब्यात होतो, तरी जरा वितळलो.

योगिनीनं माझे बारा हिस्से केले आणि बारा छोट्या कुप्यांत ठेवले. बारा हिस्से, बारा प्रयोग. मी बारावा. संशोधनाचं काम तपासणारी समिती येणार होती बावीस मार्चला. तोवर पट्टी चालली तर योगिनीला मुदतवाढ. नाही चालली तर काम बंद, आणि मामानं भिवंडीच्या एका औषधांच्या गोदामात तिच्यासाठी बोलून ठेवलेलंच होतं. खाडीचं जे काय व्हायचं ते मग अफवेच्या हवाली. नवा पेप्टाइड मागवायचा तर कागद खरेदी समितीकडे जायला हवा, आणि खरेदी समितीपुढे साबणाच्या पावडरीचा कागद पावसाळ्यापासून विचाराधीन होता.

पहिला प्रयोग झाला. काचेची पट्टी बीकरमध्ये उभी केली, माझा पहिला हिस्सा ओतला, तासाभरानं सोन्याचं पाणी ओतलं. ते पाणी कसं दिसतं ठाऊक आहे? अगदी कोकम सरबतासारखं. सोन्याचे कण इतके लहान झाले की पिवळे राहत नाहीत, लाल होतात. मग पट्टी धुतली, सोन्याचा आणखी एक हात दिला आणि मीटर लावलं. रेघ पूर्ण असेल तर मीटरनं 'टूंऽ' असा आवाज करायचा.

मीटर गप्प.

दुसऱ्या वेळी गप्प. तिसऱ्या वेळी गप्प. नाचणकर सर सज्जन माणूस. अपयशाला त्यांच्याकडे दर आठवड्याला नवं कारण असे आणि प्रत्येक कारण अगदी पटे. आधी हवेतला खार. मग विजेचा दाब. मग खार आणि दाब एकत्र. आठव्या वेळी त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "योगिनी, मला वाटतं रेणूच खराब आलाय."

त्या दिवसापासून माझ्या कुपीवर लाल शाईचं प्रश्नचिन्ह आलं.

मित्रांनो, खरी गोष्ट मला ठाऊक होती. प्रयोगाच्या दिवशी माझी कुपीही बर्फाच्या डब्यात टेबलावर असायची, आणि मला बीकरमधून एक ओळखीची ओढ जाणवायची. ती पट्टीची नव्हती. बीकरच्या बुडाशी आणि भिंतींना राखेचे बारीक बारीक कण चिकटलेले होते, आणि ते सगळे जवळजवळ शुद्ध सिलिका. माझे भाऊबंद बीकरमध्ये उतरायचे आणि पट्टीपर्यंत पोचण्याआधीच त्या कणांना मिठी मारायचे. मग सोनं यायचं, तेही तिथेच. सगळा सोहळा तळाशी. पट्टी वर कोरडी उभी, लग्नाला बोलावून विसरलेल्या पाहुण्यासारखी. प्रयोग संपला की सगळे पट्टीकडे बघत. बीकरच्या बुडाला आलेली लाली कुणी पाहिली नाही. बीकर थेट मोरीत जाई.

मी ओरडत होतो. पण सात नॅनोमीटरच्या माणसाचं ओरडणं किती दूर जाणार? शेजारच्या शेवाळालाही ऐकू गेलं नसावं. आपल्याला उत्तर माहीत आहे, समोरचं माणूस त्याच उत्तरासाठी रडवेलं झालं आहे, आणि आपल्याला तोंड नाही. याहून एकटेपणा असेल तर तो मला कुणी दाखवू नये.

अकरावा प्रयोग फसला. योगिनीनं पट्टी टेबलावर ठेवली आणि त्या दिवशी डबा न खाताच गेली.

मग मी राहिलो. एक कुपी. समितीला सहा दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मथुराकाकू लेकीला भेटायला आल्या. बाजारातून थेट, टोपली घेऊन. टोपली ओल्या फडक्यानं झाकलेली आणि भरलेली. योगिनीनं त्यांना स्टुलावर बसवलं. समोरच मोरीवर सखूमावशी बीकर घासत होत्या. सखूमावशी म्हणजे विभागाच्या मदतनीस. वीस वर्षं इथली सगळी काच त्यांच्या हातून गेलेली. योगिनी पाठमोरी बसून माझी कुपी बर्फात ठेवत होती, कारण शेवटचा प्रयोग आज की उद्या हे तिचं ठरत नव्हतं.

"खपला काय?" सखूमावशींनी विचारलं.

"खपताय कसला. बगतात, इचारतात, जातात. माका नाय, टोपलीला कंटाळा आला आता." मथुराकाकूंनी पदरानं कपाळ पुसलं. मग त्यांची नजर मोरीवर गेली. तिसऱ्या काढणाऱ्या बाईची नजर कायम तळाला असते, मित्रांनो. चिखलात दोन बारीक भोकं दिसली की खाली तिसरी आहे हे तिला कळतं. सगळं जग पाण्याकडे बघतं, ती बुडाकडे बघते.

"गो सखू, त्या भांड्याच्या बुडाला तांबडा काय लागलाय? कोकम ओतलास काय?"

"ता रोजचाच हाय. किती घासा, जात नाय. तुमची लेक कायतरी करते आणि ता माज्या नशिबी येता."

"घासतंस कशान?"

"राखेन. साबणाची पावडर संपली पावसाळ्यात. कागद वर गेलाय, पावडर अजून खाली आली नाय. मग काय भांडी तशीच ठेवू? घरची राख आणतंय चाळून."

मथुराकाकू उठल्या, डब्यातली चिमूटभर राख घेऊन दोन बोटांत चोळली. "तुसाची ना? बरी हाय हो. भात उकडतंस तवाची. नुसती पिठासारखी." मग बोटं झटकून बघितली. "पण हाताला धरून बसते मेली."

माझ्या डब्याजवळचा आवाज थांबला. योगिनीचा हात हवेतच राहिला होता.

भाताच्या तुसाची राख म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के सिलिका. हे योगिनीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी चार गुणांना आलं होतं. ती हळूच वळली, बीकर हातात घेतला आणि खिडकीशी धरला. बुडाला फिकट लाल कडं होतं.

"मावशी," ती म्हणाली, "अकराही वेळा राखेनंच?"

"मग? चकाचक करून ठेवतंय. बग ना." सखूमावशींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा हात थांबला. "काय गो बाय? काय चुकला?"

योगिनी काही बोलली नाही. तेच फार बोलणं झालं. मग तिनं समजावून सांगितलं. राख, सिलिका, मी, सोनं. सखूमावशी ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "म्हंजे अकरा वेळा माज्यामुळं." हात पुसले, राखेचा डबा उचलला आणि बाहेर गेल्या.

"तू ओरडली नायस ना?" मथुराकाकूंनी विचारलं.

"नाही गं आई."

"मग ओरडायला होवा व्हता. गप बसलीस, तिला जास्त लागला."

मला ते पटलं. गप्प बसलेल्या माणसांबद्दल मला थोडी माहिती आहे.

दुसऱ्या दिवशी सखूमावशी आल्या, पण काचेला हात लावीनात. फरशी पुसली, टेबलं पुसली, मोरीकडे पाठ. इकडे नाचणकर सर आणि योगिनी यांच्यात खल सुरू झाला. सगळे जुने बीकर राखेनं घासून चरे पडलेले. कितीही धुवा, कण निघतीलच याची खात्री नाही. नवे बीकर मागवायचे तर पुन्हा तो कागद.

तेव्हा योगिनी म्हणाली, "सर, बीकर कितीही स्वच्छ असला तरी तो काचेचाच आहे."

"मग?"

"हा रेणू काचेला धरतो, सर. आणि आपण तो काचेच्याच भांड्यात ओततोय."

नाचणकर सर उठून खिडकीशी गेले आणि बाहेर बघू लागले. बाहेर सायकल स्टँड होता. मित्रांनो, एवढ्या बारकाईनं सायकल स्टँड बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"प्लास्टिकचं भांडं पाहिजे," योगिनी म्हणाली. "कधीच राख न लागलेलं." आणि ती थेट सखूमावशींकडे गेली. "मावशी, तुमच्याकडे आहे का असं काही?"

सखूमावशींनी फडकं पिळलं. "माज्याकडं कशाला मागतंस? माजी भांडी तुला चालत नाय."

"तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार कुठल्या भांड्याला काय लागलंय ते?"

फडकं बादलीत पडलं. मग मावशींनी आपल्या पिशवीतून एक झाकणाचा डबा काढला. पांढरा, नवाकोरा, प्लास्टिकचा. "नणंदेच्या लोणच्यासाठी घेतलेला. प्लास्टिकला मी राख लावत नाय, चरे पडतात." त्यांनी डबा नाकाशी नेला, बोटानं आतून फिरवला आणि योगिनीच्या हातात दिला. "बग. माजं नाव सांगू नको कुणाला."

शेवटचा प्रयोग त्या डब्यात झाला. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो लोणच्याच्या डब्यात यावा याचं मला किंचित वाईट वाटलं, पण तक्रार करण्याची वेळ नव्हती. योगिनीनं पाच पट्ट्या उभ्या केल्या आणि मला ओतलं.

आत उतरलो. प्लास्टिकच्या भिंती. त्यांचं मला काही घेणं ना देणं. राख नाही. चहूकडे नुसतं पाणी, आणि दूर कुठेतरी काचेची एक बारीक मोकळी वाट. मी तिकडे निघालो. पोचलो. पहिला हात टेकला आणि मी उभा राहिलो. मग वरून कोकमाच्या रंगाचं पाणी आलं आणि माझ्या दुसऱ्या हातात सोन्याचा कण येऊन बसला. तीन वर्षांत पहिल्यांदा माझे दोन्ही हात भरलेले होते. मी इकडे तिकडे पाहिलं. शेजारीही मीच होतो. पण आता प्रत्येकाच्या हातात वेगळा कण होता, आणि तेवढ्यानं आम्ही एकमेकांना जरा परके, जरा बघण्यासारखे झालो होतो.

दुसऱ्या दिवशी योगिनीनं पट्टीला मीटर लावलं. घाईत पहिल्यांदा तार भलतीकडेच टेकली. मग नीट टेकली.

टूंऽऽऽ.

सर खुर्चीवरून उठले आणि परत बसले. दाराशी सखूमावशी उभ्या होत्या. "वाजला काय?" त्यांनी विचारलं. योगिनीनं मान हलवली. मावशी म्हणाल्या, "मग डबा धुवून टाकतंय," आणि त्या मोरीकडे वळल्या. मग थबकून त्यांनी विचारलं, "पाण्यान धुवू ना?"

समिती आली. तीन माणसं. एकानं विचारलं, सगळ्या फोटोंत लोणच्याचा डबा का आहे. योगिनीनं उत्तर दिलं. त्यांनी लिहून घेतलं : 'अभिनव पात्र'. मुदतवाढ मिळाली.

मग राहिली खाडी. पहिल्या पट्टीला सरांनी फुटक्या थर्मामीटरमधल्या पाऱ्याचं पाणी दाखवलं. ती ताबडतोब बदलली, म्हणजे रेघ आपलं काम जाणत होती. मी तिसऱ्या पट्टीवर होतो. ओहोटीच्या वेळी मथुराकाकू गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं मला पाण्यात धरलं. खाडी मी पहिल्यांदाच पाहत होतो. पायाखालून किती वाळू गेली, मित्रांनो! सगळी माझ्या आवडीची. पण माझे हात गुंतलेले होते. मी वाट पाहिली. पारा आला नाही. उरलेल्या चारही पट्ट्या चार जागी बुडवल्या, कुठेच नाही. नंतर मुंबईहूनही तेच उत्तर आलं : पारा नाही.

आता गोष्ट इथे संपायला हवी होती. माझ्या अननुभवामुळे मी तसं धरूनही चाललो होतो.

योगिनीनं पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'आमच्या तिसऱ्यांत पारा नाही', आणि तो आईच्या टोपलीला टेकवून ठेवला. त्या दिवशी ज्यांनी पाऱ्याचं कधी नावही ऐकलं नव्हतं, तीही माणसं पाटी वाचून पुढे गेली. एक गृहस्थ तर थांबून म्हणाले, "नव्हता, तर तपासायची पाळी का आली?" मथुराकाकूंनी फडकं ओलं करून पुन्हा टोपलीवर टाकलं. उत्तर मलाही सुचलं नसतं, आणि मी तर प्रत्यक्ष पाण्यात होतो. चार दिवसांनी काकूंनी पाटी उलटी केली आणि ऊन आलं की टोपलीवर आडवी धरायला लागल्या. "आता कामाला आली," त्या लेकीला म्हणाल्या.

पट्टी एकदाच वापरायची असते. माझं काम झालं. योगिनीनं मला तिच्या वहीत सेलोटेपनं चिकटवलं आहे, पान एकशे चौदा. वही कपाटात असते. फ्रीजरमध्ये आता नवी कुपी आली आहे, तिच्यावर प्रश्नचिन्ह नाही. कधीतरी वही उघडते तेव्हा उजेड दिसतो, मग पान उलटतं. हातात सोनं असूनही दिवस मोठा वाटतो. इथे विनोद सांगायला शेवाळसुद्धा नाही.

तेव्हा मित्रांनो, जुन्या रेणूचं एवढं ऐका. ज्याच्या कामात काही चुकलं असेल त्याला नीट सांगा. गप्प बसू नका. आपल्याला खरं ठाऊक असेल तर ते बोला, कारण तुम्हांला तोंड आहे. भांड्याच्या बुडाकडे बघत जा. लहान वस्तूंना लगेच खराब ठरवू नका. आणि पावसाळ्यात वर गेलेला कागद कधीतरी खाली आणा.

हे सगळं जमलंच पाहिजे असं नाही. मासळीबाजारात शेवटून दुसऱ्या जागी मथुराकाकू बसतात. गेलात, तर तेवढी पिशवी घरून न्या. काकूंकडे नसते.